त्या पहाटे खुर्चीत कोण होतं

मी ज्याच्यासाठी लिहिते तो वाचक माणूस नाही. हे धारमध्ये कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या नवऱ्याकडे. नवरा खांदे उडवतो. त्याच्या मते मी कॉम्प्युटरवर कंपनीचं काहीतरी करते, महिन्याच्या महिन्याला पगार येतो, तेव्हा फार खोलात जाण्यात अर्थ नाही.

खोलात जायचंच तर गोष्ट अवघड नाही. कारखान्यांतली यंत्रं हल्ली सारखी लिहीत असतात. दार उघडलं, लिहिलं. गारवा कमी झाला, लिहिलं. भोंगा वाजला, तो कुणी बंद केला, तेही लिहिलं. या लिखाणाला लॉग म्हणतात. ते इतकं साठतं की वाचायला बसलेला माणूस वेडा होईल. म्हणून आता ते वाचायला एजंट ठेवतात. एजंट म्हणजे साध्या भाषेत प्रश्न विचारला की आपणहून शोधाशोध करून उत्तर आणणारा प्रोग्राम. "काल पहाटे काय झालं?" असं विचारलं की तो आमच्या कंपनीचं टूल वापरतो, लॉगमधून हव्या त्या ओळी बाहेर काढतो आणि त्यावरून अहवाल लिहून देतो. हे टूल कसं वापरायचं आणि त्यातून आलेल्या ओळींचा अर्थ काय लावायचा, हे एजंटला समजावणारा मजकूर लिहिणं हे माझं काम. एजंट तो मजकूर दर वेळी पहिल्यापासून वाचतो आणि शब्द न् शब्द मानतो. दोन मुलं वाढवलेल्या बाईला असा वाचक मिळणं म्हणजे चैनच.

पण या वाचकाची एक गोम आहे, ती मला काम करता करता कळली. माणसाला वाचताना शंका येते. "हे काहीतरी विचित्र दिसतंय" म्हणून तो थांबतो, शेजाऱ्याला विचारतो, डोकं खाजवतो. आमच्या एजंटला जी शंका यायला हवी, ती आधी कुणीतरी लिहून ठेवावी लागते. नाहीतर तो बिनघोर पुढे जातो आणि उत्तम भाषेत चुकतो.

टूल तयार झालं तेव्हा मजकूर तयार नव्हता. इंजिनियरांनी घाईघाईत खरडलेल्या काही ओळी होत्या, त्या मी नीट करायच्या होत्या. तेवढ्यात इंदूरच्या ऑफिसातल्या आमच्या टीमप्रमुखाने टूल एका प्लांटला चालवायला देऊनही टाकलं. मी कुरकुर केली तर म्हणाला, "डॉक्यूमेंटेशन तो होता रहेगा, मैडम." जगात जे जे होत राहील म्हणून सोडलं जातं, ते कुणाच्या तरी अंगावर पडल्याशिवाय होत नाही, असं माझं मत आहे. ते मी त्याला ऐकवलं. तो हसला.

तो प्लांट देवासचा होता. लोणी, पनीर, आइस्क्रीम असा माल तिथल्या थंड खोल्यांमध्ये ठेवतात. आणि तिथल्या कंट्रोल रूममध्ये पॅनलवर, म्हणजे यंत्रांच्या पडद्या-बटणांसमोर, माझा धाकटा भाऊ बसतो. हेही मी टीमप्रमुखाला सांगितलं. त्याला उलट आनंद झाला. म्हणाला, घरबसल्या फीडबॅक मिळेल.

देवास माझं माहेर. आमचे पूर्वज मराठा दरबाराबरोबर इकडे आले, दरबार गेला, आम्ही राहिलो. घरात आता मराठी अर्धी, हिंदी अर्धी, आणि रागावलो की माळवी. पण नवरात्र मात्र जसंच्या तसं आहे. घट बसले की आमच्या घरातला कर्ता पुरुष नऊ दिवस पहाटे आंघोळ करून अनवाणी गावाची टेकडी चढतो, वर दोन देवी आहेत त्यांचं दर्शन घेतो आणि उजाडायच्या आत खाली येतो. आजोबांनी केलं, बाबांनी केलं, आता भाऊ करतो. आजोबा कचेरीत होते, बाबा शाळेत, त्यांची पहाट त्यांची होती. भावाची पहाट कारखान्याची आहे. कधी कधी नवरात्रात त्याची पाळी संपते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं.

यावर प्लांटातल्या लोकांनी जो तोडगा काढला होता, तो सगळ्या प्लांटाला ठाऊक होता. ज्याला जायचं असेल तो जातो, दुसरा त्याच्या खुर्चीत बसतो. पॅनल ज्या नावाने उघडतात ते नाव मात्र ज्याची पाळी त्याचंच राहू द्यायचं. नवरात्रात भाऊ जायचा, ईदच्या सकाळी सुपरवायझर जायचा, कुणाच्या घरी बाळंतपण असलं की तो जायचा. यात कुणाला चोरी वाटत नव्हती. खुद्द मॅनेजरच्या टेबलावर नवरात्रात रोज टेकडीवरचे नारळ-बत्ताशे पोचायचे आणि तो कपाळाला लावून तोंडात टाकायचा. ते कुठून आले, कसे आले, हे त्याने कधी विचारलं नाही.

भावाच्या खुर्चीत बसायचा तो बागलीवाला. बागलीकडचा म्हणून बागलीवाला, प्लांटात त्याला दुसरं नाव नाही. भावाच्याच वयाचा, ठेक्यावरचा माणूस. कागदोपत्री त्याचं काम माल हलवायचं आणि मशिनरूममध्ये मदतीचं, पण इतकी वर्षं तिथे काढल्यावर त्याला पॅनलही चालवता येत होतं. त्याची लोहारद्याच्या बाजूला थोडी शेती आहे. पेरणीच्या दिवसांत तो गावी जायचा, तेव्हा भाऊ त्याचं काम ओढायचा. दोघांचं हे लग्नाआधीपासून चाललेलं.

या नवरात्रानंतर, दसरा होऊन गेल्यावर, भावजयीचा फोन आला. ती एरवी फोनवर आधी हवापाणी, मग पोरांचे अभ्यास, मग मुद्दा अशा क्रमाने येते. त्या दिवशी सरळ मुद्द्यावर आली.

"ताई, हे घरी बसून आहेत. मला म्हणाले सुट्टी आहे. सुट्टीत कोणी असं भिंतीकडे पाहत बसतं का? शेजारच्या वहिनींकडून माहीत पडलं. नोटीस मिळाली आहे. माल खराब झाला, यांच्यावर टाकून राहिले आहेत."

"कुणी टाकलं?"

"कोणी काय, ते तुमचं नवीन आलंय ना, कॉम्प्युटर. त्याने लिहून दिलं म्हणे."

मी फोन ठेवून कंपनीच्या सिस्टीमवरून तो अहवाल काढला. टूल तिथे आमच्याच कंपनीने चाचणीला दिलेलं, त्यामुळे मला तो दिसत होता. त्याचा सारांश असा होता: पहाटे लोण्याच्या खोलीत तापमान चढलं, भोंगा वाजला, ऑपरेटरने तो बंद केला. त्यानंतर ऑपरेटरने कोणतीही कृती केली नाही. नुकसानाचं कारण ऑपरेटरचा निष्काळजीपणा. ऑपरेटर म्हणून माझ्या भावाचं पूर्ण नाव, आडनावासकट. भाषा इतकी स्वच्छ होती की एरवी मी कौतुक केलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी इंदूरला बस बदलून देवासला गेले. भाऊ ओट्यावर कूलर खोलून बसला होता. थंडी येणार म्हणून दर वर्षी याच दिवसांत तो कूलरच्या जाळ्या धुवून माळ्यावर टाकतो, पण या वेळी जाळ्या एकदा धुवून वाळल्या होत्या आणि तो त्या परत धूत होता. मला बघून म्हणाला, "अरे, तू कशी आलीस? सांगितलं पण नाही." मी चहा होईपर्यंत थांबले. भावजय आत गेल्यावर विचारलं.

"त्या पहाटे तू तिथे होतास?"

"पॅनलवर माझं नाव आहे ना."

"मी नावाचं विचारत नाही. टेकडीवर गेला होतास की नाही?"

त्याने पाय आत ओढून घेतले. नऊ दिवस अनवाणी चढल्याच्या भेगा टाचांवर अजून होत्या. मग हळूच म्हणाला, "बागलीवाला होता. पण ताई, हे तू ऐकलं नाहीस."

त्याने जे सांगितलं ते असं. भोंगा वाजला तेव्हा बागलीवाल्याने तो बंद केला, कारण तो वाजत असला की मशिनरूममध्ये काय आवाज येतोय ते ऐकू येत नाही. मग तो खाली धावला आणि गारवा करणारा दुसरा कंप्रेसर हाताने, भिंतीवरच्या स्विचने चालू केला. हाताने चालू केलेलं काही पॅनलवर येत नाही. ते मशीन म्हातारं आहे, थोडा वेळ चाललं आणि बंद पडलं. हा ते परत चालू करायच्या खटपटीत असताना भाऊ टेकडीवरून आला. तोवर लोणी हातात घेतलं तर बोटं रुतत होती.

"म्हणजे त्याने केलं ना काहीतरी! मग हे सांगत का नाहीस?"

"सांगून काय होईल? पहिलं हेच विचारतील की ठेकेवाला पॅनलवर बसलाच कसा. मला काढायला यांना चौकशी करावी लागते, माणसं बसवावी लागतात, वेळ लागतो. त्याला काढायला काय लागतं? गेटवर सांगून द्यायचं, कल से मत आना. बस, झालं."

"आणि तुझी गेली तर?"

"पाहू ना मग." आणि त्याने जाळी परत पाण्यात बुडवली.

मला त्याचा अभिमान वाटला, हे खरं आहे. पण राग त्याहून जास्त आला. घरात म्हातारी आई, दोन शिकणारी पोरं, आणि हा दुसऱ्यासाठी डोक्यावर खापर फोडून घ्यायला तयार. मी त्याला बोलले, बरंच बोलले. तो ऐकत राहिला. आमच्या घरात ऐकून घेणं म्हणजे कबूल करणं नव्हे, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

धारला परत येऊन मी माझा मजकूर उघडला. इंजिनियरांच्या ओळींत लिहिलं होतं: या रकान्यात कृती करणाऱ्याचं नाव मिळतं. ज्याने हे लिहिलं त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याच्या ऑफिसात प्रत्येकाचा आपला लॅपटॉप, आपला पासवर्ड, आणि शेजारचा माणूस देवीला गेला तरी त्याच्या खुर्चीत कुणी बसत नाही. त्याच्यासाठी खातं म्हणजे माणूस. देवासच्या त्या कंट्रोल रूममध्ये खातं म्हणजे सतरंजी होती, ज्याला गरज तो त्यावर बसायचा. एजंटला हे कोण सांगणार? त्याने जे वाचलं तेच मानलं. त्याला दोष मला देता येईना.

मी दोन वाक्यं लिहिली. एक असं की लॉगमधलं नाव हे खात्याचं नाव आहे, त्यावरून प्रत्यक्ष कोण होतं हे ठरवू नये. दुसरं असं की हाताने केलेल्या गोष्टी लॉगमध्ये येत नाहीत, म्हणून एखादी नोंद सापडली नाही तर ती गोष्ट घडलीच नाही असं म्हणू नये. दोन्हींच्या खाली जोडलं, की अशा वेळी तिथे असलेल्या माणसांना विचारावं असं अहवालात स्पष्ट लिहावं.

लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ही दोन वाक्यं दोन वेगळ्या दारांत जातात. दुसरं वाक्य एकटं ठेवलं तर भाऊ सुटतो आणि बागलीवालाही वाचतो. "कोणतीही कृती केली नाही" हा ठपकाच टिकत नाही. कदाचित हाताने मशीन चालू केलं असेल, म्हातारं मशीन बंद पडलं असेल, चला, विषय संपला. खुर्चीत कोण होतं हे कुणी विचारणारच नाही. पहिलं वाक्य मात्र सरळ बागलीवाल्याच्या दारात जाऊन उभं राहत होतं.

मी ते पहिलं वाक्य खोडलं. कुणाला कळणारही नव्हतं. मग स्वयंपाक केला, भाजीत मीठ विसरले, नवऱ्याने न बोलता वरून घेतलं. माझं डोकं त्यातच होतं. हे टूल एका प्लांटापुरतं थोडंच राहणार होतं? उद्या ते दवाखान्यात जाईल, वीज कंपनीत जाईल. तिथेही खुर्च्या बदलत असतील, तिथेही कुणाचं तरी नाव उघडं राहत असेल, आणि तिथे लिहिणारी कुणाची बहीण नसेल. मला जे माहीत आहे ते मी वाचकाला सांगायचं नाही, तर मग माझं काम काय? दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य परत घातलं. मी फार धीराची बाई आहे म्हणून नाही. ते खोडलेलं असताना मला मजकूर वाचवत नव्हता.

पुढे पाठवण्याआधी मी भावाला फोन करून दोन्ही वाक्यं हिंदीत समजावून सांगितली. त्याला लगेच कळलं.

"दुसरं ठेव. पहिलं काढ."

"नाही काढणार."

"ताई, तुझ्या एका लाइनने कोणाला काय फरक पडतो?"

"पडतो. तुझ्या जागी उद्या दुसरा कुणी असेल."

"आणि माझ्या जागी आज तो आहे, त्याचं काय?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. धाकट्या भावाने माझा फोन असा ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती.

टीमप्रमुखाने नाक मुरडलं. मजकूर लांबतो, मशीन गोंधळेल, वगैरे. मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्यासमोर तोच प्रश्न एजंटला जुन्या मजकुरावर विचारला, मग नव्या मजकुरावर विचारला. दुसऱ्या वेळी एजंटने लिहिलं: भोंगा या खात्यावरून बंद झाला, खात्यावर प्रत्यक्ष कोण होतं ते लॉगवरून सांगता येत नाही. त्यानंतर हाताने काही केलं गेलं का, हेही लॉगवरून कळत नाही. हजर असलेल्यांना विचारावं. प्रमुखाने दोन्ही अहवाल शेजारी शेजारी लावून वाचले. "पहले वाले पे तो हमने आदमी को नोटिस दिलवा दिया," तो म्हणाला, आणि नवा अहवाल त्याने स्वतः प्लांटला पाठवला.

मॅनेजरने चौकशीला बसायचं ठरवलं आणि आमच्या कंपनीकडून कुणीतरी समजावून सांगायला या म्हणून कळवलं. प्रमुखाने मला पाठवलं. त्या खोलीत मी एका बाजूला कंपनीची बाई म्हणून बसले होते आणि समोर माझा भाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याकडे न बघता. मॅनेजरच्या हातात अहवाल होता. तो भावाला म्हणाला, "सीधा बताओ, उस सुबह कुर्सी पे कौन था?"

भाऊ टेबलाकडे बघत राहिला. हे विचारावं लागलं नसतं तर बरं, असा मॅनेजरचाही चेहरा होता. बत्ताशे त्यानेही खाल्ले होते. पण अहवाल वरच्या ऑफिसलाही गेला होता, आता त्याला डोळे मिटता येत नव्हते. तेवढ्यात दारात उभा असलेला बागलीवाला आत आला. त्याला कुणी बोलावलंही नव्हतं.

"मैं था साहब. भिया माता के गए थे. हूटर मैंने बंद किया, मशीन मैंने चलाई, वो बैठ गई."

भावाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, माझ्या वाक्याने एकाचं घर वाचवलं आणि दुसऱ्याचं बुडवलं.

मॅनेजर काही वेळ पेन टेबलावर आपटत राहिला. मग म्हणाला की वर सांगायला काहीतरी हवं, हा माणूस इतकी वर्षं आहे, त्याचं काम चांगलं असेल तर तसं दाखवता येईल. आणि त्याने माझ्यासमोरच एजंटला विचारलं, या माणसाचा आजवरचा रेकॉर्ड काय आहे. एजंटने शोधलं आणि लिहिलं: या नावाचं खातं नाही. त्याच्या कामाबद्दल लॉगवरून काहीच सांगता येत नाही. सोबत काम करणाऱ्यांना विचारावं.

ठेक्यावरच्या माणसाला खातं देत नाहीत. हे मला माहीत असायला हवं होतं, पण त्या पडद्यावर वाचेपर्यंत त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. तो माणूस इतकी वर्षं त्या पॅनलवर बसला आणि त्याची एक ओळही कुठे नव्हती.

"रिकॉर्ड में तो ये है ही नहीं," मॅनेजर म्हणाला. "मैं ऊपर क्या दिखाऊँ?"

तेव्हा भाऊ बोलला. आमचा भाऊ सभेत बोलणारा माणूस नाही. लग्नात आभार मानायचे तरी मला पुढे करतो.

"साहब, है न रिकॉर्ड. मेरे नाम पे है." आणि तो सांगायला लागला. पावसाळ्यात लाइट गेली होती तेव्हा जनरेटर वेळेत घेतला, ती नोंद माझ्या नावावर आहे, खुर्चीत हा होता. आइस्क्रीमच्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं ते पकडलं, माझं नाव, हा होता. आई दवाखान्यात होती तेव्हाच्या सगळ्या पाळ्या, माझं नाव, हा होता. बागलीवाला मधेच म्हणाला, "रेन दे नी, भिया," म्हणजे राहू दे रे, भाऊ. भाऊ थांबला नाही.

मग तो म्हणाला, "और वो गर्मी वाला. गैस लीक हुई थी, वाल्व बंद करके पूरा माल बचाया था. जिसका आपने मुझे पंद्रह अगस्त को सबके सामने सर्टिफिकेट दिया. मैं उस दिन उज्जैन में था, साले की शादी में. वो भी ये था."

तो सर्टिफिकेट घेतानाचा फोटो मीच आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. आईने तो छापून घेऊन देवाजवळ ठेवला होता, आल्यागेल्याला दाखवायची. आणि त्याच कामगिरीवर भावाचं नाव शिफ्ट इंचार्जसाठी पुढे गेलं होतं, ते येत्या वर्षी व्हायचं होतं. हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"लिखके दोगे?" मॅनेजरने विचारलं.

"दूंगा."

निकाल नंतर लागला. बागलीवाला राहिला, आणि ठेक्यावरच्या ज्या माणसांना पॅनलवर बसावं लागतं त्यांना आपापलं खातं मिळालं. भावाला ताकीद मिळाली, नोकरी राहिली, इंचार्जचं दुसऱ्याला गेलं. खुर्च्या आता कुणी बदलत नाही. पहाटेची पाळी असली की भावाला रजा मागावी लागते, मिळेल तर मिळेल. मी लिहिलेलं खरं होतं आणि त्याने एक चांगली रीत मोडली, या दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

पण त्या दिवशी निकाल कुणालाच माहीत नव्हता. आम्ही तिघं गेटबाहेर पोह्याच्या गाडीवर उभे राहिलो. बागलीवाला भावावर चिडला होता. "थने कईं जरूरत थी बोलने की?" तुला बोलायची काय गरज होती, असं दोनदा म्हणाला आणि पोहे अर्धे टाकून आत निघून गेला. माझ्याशी तो बोलला नाही. मी त्याची वाट अडवली नाही.

भाऊ मला बसस्टँडवर सोडायला निघाला. स्कूटरवर मागे बसले, पण त्याने ती चालू केली नाही. हँडलवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. मग मागे न बघता म्हणाला, "ताई, तुझ्या त्या मशीनला विचार ना एकदा. इतक्या वर्षांत माझं म्हणून त्यात काय आहे?"

मशीन काय उत्तर देईल ते मला माहीत होतं. ते मीच लिहिलं होतं. खात्यावरून माणूस सांगता येत नाही. मला रडू आलं, आणि तो पुढे बघत होता हे बरं झालं.

"आजचं," मी म्हणाले. "आज आत जे बोललास, ते सगळं तुझं."

बऱ्याच वेळाने त्याने किक मारली. बस चुकली होती, पण आम्ही दोघांनीही घाई केली नाही.